भातावरच्या चार भाषणांचे मानधन

मी, सोमनाथ कोंडिबा दारवटकर, वय ७१, निवृत्त प्राथमिक शिक्षक, राहणार पासली, तालुका वेल्हे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहितो. डोके ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा मनाचे विचारत नाही.

१. राहते घर व ओढ्याकडची खाचरे मुलगी शिवानी हिला द्यावीत. धाकटा भाऊ हनुमंत याने बांध कोरून आपला वाटा आधीच घेतलेला आहे. त्याला आणखी काही देऊ नये.

२. बँकेतील शिल्लक शिवानीची. मात्र जुन्या भातांवरील चार ऑनलाइन भाषणांसाठी जर्मनीतल्या विद्यापीठाने पाठवलेले मानधन वगळून. ते माझे नाही. भाताची वाणे माझी पत्नी रतनबाई हिने राखली. कॅमेऱ्याबाहेर बसून ती सांगे, मी इंग्रजीत बोले. पैसे माझ्या खात्यावर आले.

३. विवरणपत्र भरताना भोरचे करसल्लागार इंद्रजित म्हणाले, "गुरुजी, इषय भाताचाच हाये ना? मग शेतीच्या उत्पन्नात दाखवू, कर लागत न्हाई." मला पटले. वर्षभराने नोटीस आली की भातावर बोलणे ही शेती नव्हे. भाषणे कोणी दिली, तेही विचारले होते. 'मी स्वतः,' असे उत्तर लिहिले आणि कर व्याजासकट भरला.

ते उत्तर मी रतनबाईला मोठ्या ऐटीत वाचून दाखवले होते. ती म्हणाली, "भात म्या राखलं, सांगितलं म्या. मग तुमचं यकट्याचंच नाव कसं?" मी म्हणालो, "सरकारला एवढं कुठं समजावत बसू?" त्या सालापासून तिने पुढच्या पेरणीसाठी बियाणे धरले नाही. गेल्या चैत्रात ती वारली. माफी मागायला दोन वर्षे होती. मी मागितली नाही.

४. नंतर विवरणपत्र दुरुस्त करायला गेलो. मुदत संपली होती. "कर भरलाय न्हवं? मिटलं की, गुरुजी," इंद्रजित म्हणाले. मयताच्या नावे काही ठेवता येत नाही, म्हणून ते मानधन शिवानीने घ्यावे. आईची कमाई म्हणून, बापाची देणगी म्हणून नव्हे.

५. माळ्यावरची बियाण्याची मडकी रिकामी करावीत. कशात कोणते वाण, हे रतनबाईलाच ठाऊक होते. आता ते उगवणारही नाही.

६. शिवानीने आईचा आवाज ऐकायला त्या भाषणांची रेकॉर्डिंग मागितली आहेत. लॅपटॉप तिलाच द्यावा. पण पोरी, आई बोलू लागली की मी माईक बंद करायचो. चारही भाषणांत एकटा मीच आहे.

वरील मजकूर दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून सही केली.

सही: सो. कों. दारवटकर
साक्षीदार: सावळा रामा कचरे, विंझर; सोमेश्वर बबन शिंदे, मार्गासनी
पासली, १४ जून २०२५