मंगेशचा ब्लॉक

रविवार, संध्याकाळ

सात वाजेपर्यंत मला वाटत होतं, मंगेशवर चिडलो ते बरोबरच.

दर रविवारी आमच्या धरमपेठच्या घरी आम्हा मित्रांचा फासे टाकून खेळायचा सुपरहिरोंचा खेळ असतो. खलनायक मी चालवतो, नियमही मीच ठरवतो. मंगेशचा हिरो कधी मारतच नाही, नुसते सगळ्यांवरचे वार अडवत बसतो. तीन रविवार झाले, माझ्या राक्षसाला कुणाला ओरखडासुद्धा काढता आला नाही. म्हणून आज सांगून टाकलं, जो ब्लॉक करेल, म्हणजे दुसऱ्यावरचा वार अडवेल, त्याची पुढची चाल जाईल.

"मी दुसऱ्याले वाचवून राहिलो, अन् शिक्षा मलेच? काहून बे?"

नियम म्हणजे नियम, म्हणालो. त्यानं समोरच्या कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीला हातही लावला नाही.

तेवढ्यात बाबा आले. "स्कूटरचा आरसा कोनं फोडला?"

काल मीच फोडला, मंगेश तेव्हा सोबत होता. पण मी तोंड उघडायच्या आत मंगेश म्हणाला, "काका, माह्या धक्क्यानं फुटला."

बाबांनी त्याला गॅलरीत नेऊन वीस मिनिटं झापलं. इकडे त्याची चाल आली आणि गेली. सांबारवडी मी खाल्ली. का खाल्ली, माहीत नाही.

परत येऊन त्यानं रिकामी बशी पाहिली. "घे. गेली माही चाल."

म्हणजे नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. ब्लॉक केला की चाल जायलाच पाहिजे, पण ज्याला वाचवलं त्याची. वहीत तसं लिहिलं.

आता बाबांना आरशाचं सांगायचं. त्यांच्या बातम्या संपल्या की जातो. चोवीस तासवालं चॅनल लावलंय त्यांनी.