बुकोवच्या चढावरच्या फेऱ्या

३ डिसेंबर, मंगळवार
ऑफिसात फर्मान वाचून दाखवलं — बुकोवच्या चढावर गाड्या कमी, म्हणून रस्त्यांवरचा बर्फ वितळवणाऱ्या पहाटेच्या मीठफेरीतून तो रस्ता बाद. वाचलं कुणी? मीच! मीठगाड्या धाडणारा मी, आणि राहतो त्याच चढाच्या माथ्यावर. बाकीचे बर्फ सुटेपर्यंत, नऊपर्यंत थांबतील. पण ओटिलीला आठवड्यातून तीनदा सकाळी सातला खाली इस्पितळात डायलिसिसला पोचावं लागतं. गोठलेल्या उतारावरून बायकोला न्यायचं कसं?
शेबेस्तासाहेब म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा, ओल्दा. पहाटेच्या गाड्या नाताळापर्यंत मोजतोय. आकडा वाढला तर बघू."
ओटिलीला सांगितलं नाही. भित्रा कुठला.

५ डिसेंबर, गुरुवार
डोकं चाललं! साहेबांना आकडा हवाय ना? देऊ. बिअर पिता पिता गावाला समजावलं — चढावर गाड्या मोजणारी काळी रबरी नळी टाकलीय, तिच्यावरून पहाटे जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या.
"म्हणजे उजाडायच्या आत उठून उगाच खाली-वर हिंडायचं," द्राहोमीरा म्हणाली. आमची निवृत्त पोस्टमन. "जन्मात पहिल्यांदा कामाचं बोललास."
सेनापतीच्या थाटात घरी निघालो. फाटकापाशीच घसरून पडलो.

११ डिसेंबर, बुधवार
चढावर वरात! द्राहोमीराची जुनी स्कोडा, सुताराची व्हॅन, आणखी कोण कोण.
इस्पितळाच्या वाटेवर ओटिलीने विचारलं, "आज काय आहे? कुणी गेलं का?"
म्हटलं, नाताळची खरेदी.
"पहाटे सहाला? आणि तीच व्हॅन दुसऱ्यांदा वर चाललीय."
मी रेडिओ लावला.

२० डिसेंबर, शुक्रवार
गाढव आहे मी. साधासुधा नाही, रस्त्यांच्या तापमानावर आयुष्यभर पोट भरलेला गाढव!
साहेबांनी आकडा बघितला. वाढलाय म्हणाले. मग रस्त्यात बसवलेल्या तापमापकाचा आलेख पुढे सरकवला. शेजारचा लिपोव्हचा रस्ता रोज पहाटे गोठतोय. आमचा मात्र शून्याच्या जरासा वर.
"टायरांचं घर्षण, इंजिनांची ऊब, ढवळलेली हवा," साहेब म्हणाले. "तुमचा चढ स्वतःच ऊब धरतोय. त्याला मीठ कशाला?"
हेच तर मी नव्या भरतीला दरवर्षी शिकवतो!
"गाड्या थांबल्या तर?" मी विचारलं.
"का थांबतील?"
काय सांगणार, कप्पाळ? मीठफेरी कायमची बंद. नळीही काढून नेली.

२१ डिसेंबर, शनिवार
ओटिलीला सगळं सांगितलं. हसून हसून तिला ठसका लागला. पाणी प्यायली, आणि शांतपणे म्हणाली, "मग नव्या वर्षात मी खाली बहिणीकडेच राहते. रोज तुझा जीव टांगणीला नको."
मी शहाण्यासारखी मान डोलावली. मला ती इथे हवी आहे. हे तिला म्हणता आलं नाही, इथे लिहितोय.

२३ डिसेंबर, सोमवार
गावाला सांगितलं — मोजणी संपली, माझ्या अकलेने आपण हरलो, आता खुशाल झोपा. सगळे लवकर उठून घरी गेले. चिडले असणार. मीही चिडलो असतो.

२७ डिसेंबर, शुक्रवार
चढ कोरडा. नशीब!

८ जानेवारी, बुधवार
काल संध्याकाळी पाऊस, पहाटे पारा शून्याखाली. बहिणीकडे न्यायची ओटिलीची बॅग डिकीत. उतार सुरू व्हायच्या आधी गाडी थांबवली — धीर होईना. तेवढ्यात खालून दिवे वर येताना दिसले. एकामागून एक. द्राहोमीराने शेजारी थांबून काच खाली केली.
"अगं, मोजणी संपली म्हणून सांगितलं ना?"
"कसली मोजणी?" ती म्हणाली. "रस्ता उबदार आहे तोवर निघ. तिला सातला पोचायचंय."
ओटिलीने ते दिवे एकेक करून मोजले. मग मला म्हणाली, बॅग घरात ठेवून ये.