अप्पांच्या समाधीवरची माती

परभणी, ८ एप्रिल २०२५

चि. त्रिवेणीस, दादाचे अनेक आशीर्वाद व शरणार्थ.

रागावून फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. वालूरचं टपाल तुझ्यापेक्षा मनमिळाऊ आहे.

घरामागची अप्पांची समाधी परत खचली. आपल्या लिंगायत रीतीनं बसवून पुरलेल्या माणसावरची माती बसतेच, भर टाकत राहा, असं मठातले नागनाथस्वामी म्हणतात. मी टाकतोच आहे. आई मात्र समाधीवर तळहात ठेवून बसते. त्या बहिऱ्या कानांना म्हणे अप्पांचं गुणगुणणं कळतं. मला ते बघवत नाही.

बोअर बंद कर म्हणतेस, पण अख्ख्या कॉलनीचे टँकर आपल्याच बोअरवर भरतात. कुणाला नाही म्हणू?

लोभ आहेच, तो फोनवरही दिसू दे.

तुझा,
महांतेश

वालूर, १४ एप्रिल

ति. दादास, त्रिवेणीचा शि. सा. न. वि. वि.

अप्पांना जाऊन तीन पावसाळे झाले. माती पहिल्याच पावसाळ्यात बसते; अजून कशी बसेल? संक्रांतीला आले तेव्हा मागची पायरी घरापासून सुटली होती, आईच्या खोलीचं दार घासत होतं. समाधीशेजारच्या बोअरचा पाइप वीतभर वर आला, असं तू हसून दाखवलंस. पाइप वर येत नसतो दादा, जमीन खाली गेली. अप्पा एकटेच नाहीत, तुम्ही सगळेच खचायलात.

मोटार बंद कर, नाहीतर आईला इकडे पाठव. मला फार भीती वाटते.

तुझ्या मायेची,
त्रिवेणी

परभणी, २ मे

चि. त्रिवेणीस, आशीर्वाद.

तुझंच खरं ठरलं. आईच्या खोलीच्या भिंतीत हात जाईल एवढी भेग पडली. बघायला आलेले इंजिनिअर म्हणाले, उपसा करून खालची माती दबली, ती परत फुगत नाही. त्याच दिवशी मोटार बंद केली. कॉलनीवाले चिडले, ते सोसलं.

दुसऱ्या सकाळी आई समाधीपाशी बसली आणि रडायलाच लागली. म्हणाली, "हे आज बोलंना झालेत. काय केलास रे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. इतके दिवस तिच्या तळहाताला कळत होती ती मोटारीची थरथर.

हे तिला सांगायला जीभ रेटत नाही. वालूरला चल म्हटलं तर ह्यांना असं गप सोडून येत नाही म्हणते. जेवणही सोडलं. शेवटी मी मोटार लावली, घटकाभरच. आई हसली, हात तसाच ठेवून अप्पांशी बोलत राहिली. तिच्या खोलीची भिंत करकरली, ते मला ऐकू आलं.

त्रिवेणी, आता मी रोज लावतो. मिळेल त्या गाडीनं ये आणि मोटारीच्या बटणाकडे जाणारा माझा हात धर. लोभ असेल तर एवढं कर.

तुझा,
दादा