खळ्यातले वल्हे आणि दाव्याची नोटीस

मी, रामनाथ धर्मा चिखले, वय बावन्न, धंदा होड्या बांधणे, राहणार वर्सोवा कोळीवाडा, हे माझ्या हाताने लिहितो. घशातल्या गाठीने वाचा गेली आहे. डोके शाबूत आहे. कोणी सांगितले म्हणून यात एक शब्द घातलेला नाही.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक पत्नी मथुरा हिला. पुढचे दार पावसात फुगते. त्यावर रंधा मारू नये, थंडीत आपोआप बसते.

२. वाकस, पटाश्या, गिरमीट ही हत्यारे माझा जोडीदार शिवदास याला. धार लावायचा दगड आधी भिजवावा, हे त्याला अजून सांगावे लागते. त्याला वस्तू मिळते म्हणून त्याला साक्षीदार केलेले नाही.

३. मासळी वाळवायचे खळे वडिलांनी आम्हा दोघा भावांना सामाईक ठेवले. थोरला हरेश्वर याने ते एकट्याच्या नावावर करून घेतले आणि होडीला इंजिन बसवायचे म्हणून घाटकोपरच्या एका बिल्डरला विकायला काढले. मी १९६८ साली दावा लावला. मुंबईत तेवढ्याने भागत नाही. दावा चालू असल्याची नोटीस रजिस्ट्रारकडे नोंदवली, तरच निकाल खरेदीदारावर बंधनकारक होतो. माझी शाळा चौथीपर्यंत. कायद्याचे पुस्तक स्वतः वाचून मी नोटीस नोंदवली. बिल्डरच्या माणसाने दप्तर पाहिले आणि पाठ फिरवली. हरेश्वर दारात येऊन म्हणाला, “रामन्या, आता कागद खाऊन जग.” त्यानंतर बोललेला नाही.

४. आमच्या रीतीप्रमाणे मी खळ्याच्या मध्यावर वडिलांचे वल्हेही रोवले. ते उभे असेपर्यंत दोन्ही घरचे कोणी तिथे पाय ठेवत नाही. ज्याने रोवले त्यानेच, समोरच्याच्या देखत, उपटायचे. दावा वर्षभरात संपेल असा हिशेब होता. खळ्यात आता गवत आहे. विधवा बहीण सगुणा तिथेच बोंबील वाळवून पोट भरत असे. ती आज लोकांच्या वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या बांबूंवर, मजुरीने बोंबील टांगते. मी तिला समजावले, नोटीस जागा विकणाऱ्याला अडवते, मासळी वाळवणाऱ्याला नाही. ती म्हणाली, “दादा, कागद तुजा. वल्हं गावाचं. मी कशी जाऊ?” त्याच्या देखत वल्हे उपटावे म्हणून दर शिमग्याला हरेश्वरला बोलावणे धाडले. येत नाही.

५. खळ्यातला माझा अर्धा हिस्सा, दाव्यासह, सगुणाला. कोर्टात माझ्या जागी तिचे नाव मुदतीत लावून घ्यावे. निकाल लागेपर्यंत नोटीस काढू नये, हरेश्वर रडला तरी.

६. मी गेल्यावर वल्हे उपटणारा हात राहत नाही. गावच्या पाटलाला पाटीवर लिहून विचारले. तो म्हणाला, “तिरडीला लागलेलं लाकूड मेलेल्याच्याच हातचं रं.” म्हणून माझ्या तिरडीचा उजवा दांडा ते वल्हे असावे. हरेश्वरसमोर उपटावे, त्या बाजूचा पुढचा खांदा त्याने द्यावा. मग सगुणाने खळ्यात वलांडी उभारावी, सुतक मोजत बसू नये.

हरेश्वर आला नाही, तर वल्ह्याला कोणी हात लावू नये. मला साध्या बांबूवर न्यावे.

सर्व पुन्हा वाचून, खालील दोघांसमोर सही केली.

रामनाथ धर्मा चिखले

साक्षीदार:

हरेश्वर धर्मा चिखले (नाव खोडले. निरोप दिला होता, दिवे लागेपर्यंत वाट पाहिली. खाडाखोड माझी. तिरडीचा निरोप मात्र पहिला त्यालाच द्यावा. रा. ध. चि.)

१. श्यामकांत बाळा टपके, सही
२. चंद्रप्रकाश हिरा भानजी, सही

वर्सोवा, ता. ९ नोव्हेंबर १९७३