आईची खोली तयार आहे

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर म्हणाली, आता तो जिना चढताना वाजत नाही, नुसता कुरकुरतो. म्हणजे उतार आहे म्हणायचा. तिची पाठ, तुझं घड्याळदुरुस्तीचं दुकान, सगळं खुशाल असेल. मी बरी आहे. हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर चादरींच्या घड्या घालते. तिथे वाफ इतकी असते की चादरीचं दुसरं टोक कोणी धरलंय ते खोकल्यावरून ओळखायचं. अशा वाफेत माणसाचं डोकं थोडं तरंगतंच, एवढं पुढचं वाचताना ध्यानात ठेव.

आईला कायमचं इकडे परदेशात आणायला मी अर्ज केलाय, हे तुला ठाऊक आहे. (तू म्हणाला होतास, "बघ, जमत असेल तर." मी तेवढ्यावरच निघाले.) इथली पद्धत अशी की आधी बोलावणाऱ्याची परीक्षा. त्याला नोकरी आहे का, येणाऱ्या माणसाला वेगळी खोली आहे का, हे घरी येऊन बघतात. ते पटलं की मग येणाऱ्याचे कागद. तेव्हा मी आतली खोली रिकामी केली, माझं अंथरूण बाहेर गॅसच्या ओट्याशेजारी आणलं आणि पाहणीची वाट बघायला लागले.

ती वाट बघणंच नडलं. रिकामी खोली फार दिवस बघवत नाही रे. आधी मी खिडकीशी एक खुर्ची ठेवली. खुर्ची ओकीबोकी दिसते म्हणून तिच्यावर शाल टाकली. मग पलंगाखाली मऊ चपला आल्या, उशाशी वाचायचा चष्मा आला (आई आपला तिकडेच विसरणार, हे मी गृहीत धरलं). सकाळी ऊन थेट त्या खुर्चीवर येतं आणि शालीचा खांदा असा काही उजळतो की कामाला निघताना तोंडून आपोआप निघून गेलं, "येते गं." त्या दिवशी कोणी ओ दिली नाही, पण वाईटही वाटलं नाही. पुढे मी दोन कप चहा करायला लागले. दोन्ही मीच पीत होते, त्यामुळे पित्त वाढलं, ते वेगळं. एकदा खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बसड्रायव्हरने जिन्यात विचारलं, आई कशा आहेत? मी वाफेतून नुकतीच आलेली. सांगून बसले, बरी आहे, पाय दुखतात जरा.

आणि मग पाहणीवाल्या बाई आल्या. हातात मोजपट्टी, चेहरा इस्त्रीचा. जिन्यात त्यांना बसड्रायव्हर भेटला आणि त्याने आपण होऊन माझी शिफारस केली, की मुलगी चांगली आहे आणि तिची आई तर इतकी शांत की वर आहे हे कळतही नाही. झालं. बाई आत आल्या त्या खोलीची लांबी-रुंदी विसरूनच. चपला बघितल्या, चष्मा बघितला, ओट्यावरचे दोन कप बघितले.

"तुमच्या आई आत्ता कुठे आहेत?"

मी म्हटलं, तिकडे, आमच्या घरी. माझाच आवाज मला खोटा वाटला. परवानगी मिळायच्या आधीच कोणाला चोरून आणलं तर अर्ज कायमचा बाद, शिवाय माझ्या राहण्यावरही गदा, हे त्यांनी शांतपणे सांगितलं. मग त्यांनी रीतसर विचारून पलंगाखाली वाकून बघितलं, कपाट उघडलं, पडदा सारला. आणि दादा, तुला म्हणून सांगते, मीही त्यांच्याबरोबर शोधायला लागले. दारामागे बघताना क्षणभर वाटलं, न जाणो, असली तर?

नव्हती. बाईंनी शेवटी एक चप्पल उचलून उलटी केली. तळवा कोरा होता, एक ओरखडा नाही. त्यांनी ती बराच वेळ हातात धरली, मग जिथे होती तिथेच नीट ठेवली आणि खुर्चीत बसल्या. मी काय करणार, चहा ठेवला. पहिल्यांदाच दुसरा कप दुसऱ्या कोणीतरी प्यायलं. ऊन त्यांच्या मांडीवर येऊन बसलं होतं आणि त्यांचे डोळे मिटत होते. मला वाटलं, सरकार आता इथेच झोपतंय.

कप ठेवताना त्या म्हणाल्या, "खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवा. माझी आई खिडकीकडे पाठ करूनच बसायची. मी कधी येते ते तिला दारातून दिसायचं."

त्या गेल्यावर मी खुर्ची फिरवली. दुसऱ्या दिवशी कामावरून आले, दार उघडलं, आणि खरंच कोणीतरी आपली वाट बघत होतं असं वाटलं. चपला काढायचं भान न राहता मी उंबऱ्यातच उभी राहिले. आणि परवा उत्तर आलं. मी पास झाले. आता फक्त आईचे कागद करायचे.

वहिनीला नमस्कार. आईला काय, ते खाली लिहिते.

तुझी धाकटी

ता. क. आईला अजून कोणी विचारलेलंच नाही. तुला वाटलं असेल मी विचारलं. मला वाटत होतं तू विचारशील. हे काम तू कर. जेवण झाल्यावर विषय काढ.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे काल मी फोनवर प्रयत्न केला. म्हटलं, आई, सगळी तयारी झालीय, आता फक्त यायचं. तर म्हणाली, "ये की मग. तुझी गादी मी कधीची उन्हात टाकून ठेवलीय." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. तेव्हा विचारायची घाई करू नकोस. त्याआधी एकदा गच्चीवर जाऊन ये आणि गादी खरंच तिथे आहे का, तेवढं मला कळव.