परत घेण्याची अट

आप्पा, तुम्हाला कुत्री आवडत नसत, हे आधीच कबूल करून टाकते. शाळा तपासायला गेलात की आवारात पसरलेल्या कुत्र्यांचीही तुम्ही वहीत नोंद करायचात, 'भटकी कुत्री तीन, बंदोबस्त करावा.' त्या तुमच्या मुलीने गेली चार वर्षं अमेरिकेत कुत्र्यांना घरं शोधून देण्यात घालवली आहेत. खुशाल आठ्या घाला कपाळाला. ही ग्रेहाउंड, शर्यतीत पळणारी. घोड्यांसारख्या इथे यांच्या शर्यती लावतात, आणि तीन-चार वर्षांत पाय मंदावला की मालकाला ती नको होतात. मग आमच्या केनेलसारख्या, म्हणजे कुत्री सांभाळणाऱ्या संस्थांतली माणसं त्यांना आणतात, घरात राहायला शिकवतात आणि नीट बघून-सवरून चांगल्या घरी देतात. शिकवायचं म्हणजे अगदी पहिल्यापासून. आयुष्य पिंजऱ्यात गेलेलं, त्यामुळे जिना चढता येत नाही, आरशाला दचकतात, काचेच्या दारावर जाऊन आपटतात. हसू नका, पहिल्या आठवड्यात मीही वाणसामानाच्या दुकानाच्या काचेवर आपटले होते.

लग्न होऊन टेक्ससमधल्या या अर्विंगला आले त्याला आता सात वर्षं होतील. तुमचे जावई वाईट नाहीत. पीत नाहीत, हात उगारत नाहीत, घरात सगळं भरलेलं असतं. पण माझा व्हिसा त्यांच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला, नोकरी करायची मला मनाई. पासपोर्ट त्यांच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, 'तिथे सेफ राहतो' म्हणून. गाडी शिकते म्हटलं की, 'डेंट पडला तर? आणि तुला जायचंय कुठे?' चालत जावं तर फूटपाथ मध्येच संपतो आणि पुढे आठ पदरी रस्ता. मी दुसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एसीची घरघर ऐकत बसायची आणि शनिवारची वाट बघायची, कारण शनिवारी भाजी आणायला जायचं असे. तिथे दुकानाबाहेर एकदा चार-पाच ग्रेहाउंड घेऊन काही माणसं उभी होती. मी नुसती थांबले, तर त्यातली एक संथपणे चालत आली आणि सगळा भार माझ्या पायावर टाकून रेलून उभी राहिली. यांची रीतच आहे ती. मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, हिने मला निवडलं. भर बाजारात माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हे म्हणाले, 'ॲलर्जी आहे का तुला?'

ती कुत्री ज्या केनेलची, तिथल्या बाई साठीच्या पुढच्या, जन्मभर शाळेची बस चालवलेल्या. आठवड्यातून दोनदा त्या व्हॅन घेऊन मला न्यायला येऊ लागल्या. फुकटचं काम, त्यामुळे व्हिसाची आडकाठी नव्हती, यांचीही नव्हती. आप्पा, त्या दोन दिवसांवर मी उरलेले पाच काढत असे. वर्षभरात बाईंनी माझ्यावर घर-तपासणी सोपवली. कुत्रं मागणाऱ्याच्या घरी जायचं, कुंपणाची उंची मोजायची, फाटकाची कडी ओढून बघायची, कुत्रं झोपणार कुठे, घरी कोण असतं, सगळं विचारून फॉर्म भरायचा. उंची मी तुमच्या टेपने मोजायची. लग्नात तुम्ही बॅगेत टाकलेली ती पोलादी टेप, जिने तुम्ही जिल्ह्यातल्या शाळांच्या खिडक्या मोजल्यात. आणि सगळं झालं की शेवटी मी करारातली एक अट मोठ्याने वाचून दाखवायची. 'कोणत्याही कारणाने, केव्हाही, हिला ठेवणं जमलं नाही तर आम्ही परत घेऊ.' कारण विचारत नाहीत. दहा वर्षांनी आणलं तरी घेतात.

पहिल्यांदा ती अट वाचली तेव्हा मला तुमचा इतका राग आला, की त्या रात्री जेवले नाही. मुलीची आणि कुत्र्याची तुलना करू नये, कळतं मला. पण तुम्ही पुण्याला माझं स्थळ बघायला गेलात तेव्हा टेप तुमच्या खिशात होती ना? शाळेतले माठ झाकलेले आहेत का बघणारा माणूस, तुम्ही तिथे पोहे खाल्लेत, चहा प्यायलात आणि घरी येऊन म्हणालात, 'घराणं चांगलं आहे, विचारायचं काय त्यात?' दुरून डोंगर साजरे, आणि हा तर सातासमुद्रापलीकडचा. इथे येऊन चार महिने झाले तेव्हा लॉन्ड्रीशेजारच्या फोनवरून कार्डाचे आकडे दाबून मी तुम्हाला फोन केला होता. 'आप्पा, मला परत यायचंय.' तुम्ही म्हणालात, 'थोडे दिवस काढ, बाळा. नवीन जागा आहे. होईल सवय.' आणि फोन ठेवलात. विषय संपला. त्याच पावसाळ्यात तुम्ही गेलात. मला येता आलं नाही, व्हिसाच्या कागदांचं काहीतरी चाललं होतं आणि बाहेर पडले तर परत घेणार नाहीत, असं हे म्हणाले.

आता माझं ऐका. तीन वर्षांपूर्वी एका मराठी कुटुंबाचा अर्ज आला. मोठं घर, नवरा-बायको आणि मुक्कामाला आलेली सासू. मी फॉर्म आणि टेप घेऊन गेले. दारातच सासूबाई भेटल्या. त्या काकू म्हणाल्या, 'सांगलीची का गं तू? अगं बाई, माझं माहेर मिरजेचं!' झालं. उपमा आला, वड्या आल्या, दूरचं नातंही निघालं. सून चहा घेऊन आली आणि ट्रे धरून उभीच राहिली. कुत्री झोपणार कुठे हे मला विचारायचं होतं, पण आपल्याच माणसांना असं पोलिसासारखं काय विचारायचं? संकोच वाटला. टेप पर्समधून निघालीच नाही. घरी येऊन मी सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा केल्या, आणि बाईंनी माझ्या सहीवर विश्वास ठेवून एक चॉकलेटी पट्ट्यांची, चार वर्षांची, भित्री कुत्री त्यांना दिली.

तीन आठवड्यांनी सुनेचा फोन. 'ताई, मी जरा हळू बोलतेय हं. ती पूर्ण दिवस गॅरेजमध्येच असते. आईंना देवाजवळ केस नकोत. फूडला टचही करत नाहीये. तुम्ही पिकअप कराल का तिला?' जुलै महिना होता. टेक्ससच्या जुलैत बंद गॅरेजमध्ये पापडही वाळतील. आणि या जातीच्या अंगावर ना चरबी, ना धड केस, थंडी सोसत नाही तसा उकाडाही नाही. सगळं ठाऊक असून मी काय म्हणाले? 'थोडे दिवस काढ गं. नवीन जागा आहे. होईल सवय तिला.' उचलली जीभ, लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर कळलं की हे शब्द कुणाचे आहेत. पण बाईंना सांगायचं म्हणजे फॉर्म खोटा भरला हे सांगायचं, आणि मग व्हॅन परत दाराशी आली नसती. आप्पा, मी दोन दिवस गप्प बसले. माझ्या आठवड्यातल्या त्या दोन दिवसांसाठी त्या मुक्या जनावराचे दोन दिवस मी त्या गॅरेजमध्ये काढू दिले.

तिसऱ्या दिवशी न राहवून मीच सुनेला फोन केला. ती चटकन म्हणाली, 'नाही, नाही, आता ओके आहे ताई. होतेय सवय.' तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा होता. मी लगेच बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, उपम्यासकट. त्या एवढंच म्हणाल्या, 'शूज घाल, मी निघाले.'

गॅरेजचं दार वर गेलं तेव्हा ती कोपऱ्यात सिमेंटवर पडून होती. घरात जायच्या दाराचा रंग खालच्या बाजूला खरवडलेला, आणि तिच्या पुढच्या पंजांना रक्त. काकू म्हणत होत्या, 'अगं, आम्ही काय मारलं का तिला? टेबलफॅन लावून दिला होता की!' बाईंना त्यातलं अक्षर कळलं नाही. मी खाली बसले. ती आधी हललीच नाही, मग कशीबशी उठली आणि सगळा भार माझ्यावर टाकून उभी राहिली. अजून रेलत होती. मलाच. बाईंनी कुणाला एक शब्द विचारला नाही, फक्त सही घेतली. सून दाराशी उभी राहून बघत होती, व्हॅन वळेपर्यंत. कुत्रीला आम्ही आणलं. सुनेला तिथेच ठेवून आलो.

बाईंनी मला काढलं नाही. महिनाभर त्या कुत्रीचे पंजे धुण्याचं काम माझ्याकडे दिलं, हीच काय ती शिक्षा. नंतर एका म्हाताऱ्या जोडप्याकडे ती गेली. त्यांचं कुंपण मी चारी बाजूंनी मोजलं, दीड तास प्रश्न विचारले, म्हातारबुवा वैतागले. आता मी कुणाचंच फोनवरचं 'छान चाललंय' ऐकून घेत नाही. जाऊन बघते.

एक राहिलं, आणि त्यासाठीच एवढं लिहीत बसले. वर मी लिहिलंय की तुम्ही फोन ठेवलात आणि विषय संपला. तसं झालं नव्हतं. आठ दिवसांनी तुमचा फोन आला होता, हे ऑफिसला गेल्यानंतरची वेळ नेमकी साधून. म्हणालात, 'बाळा, खरं सांग. तिकिटाचं बघू का? मी येतो घ्यायला विमानतळावर.' मी ओट्याशी उभी होते, कणकेचे हात. चार लोक काय म्हणतील, दादाच्या लग्नाचं कसं होईल, तुम्ही तिथे काय तोंड दाखवाल, सगळं एका क्षणात डोळ्यांपुढे आलं, आणि मी चटकन म्हणाले, 'नको आप्पा, बरी आहे मी. झाली सवय.'

सहा वर्षं मी सगळ्यांना सांगत आले, स्वतःलाही, की तुम्ही विचारलं नाहीत. विचारलं होतंत. खोटं मी बोलले. या कागदावर पत्ता घालावा तर कुठला? सांगलीचं घर दादाने मागच्या वर्षी विकलं. घडी करून टेपच्या पाकिटात ठेवते आहे.

सवय झालेली नाही, आप्पा. अजून नाही.