ज्वारीच्या राशीत

मंगळवार, संध्याकाळ. वडनेर भोलजी.

माझी रेणू पाच वर्षांची, ऑटिस्टिक. आज पुन्हा भिंतीवर कपाळ आपटायला लागली. मी मध्ये हात घातला, तर त्याला चावली. माझ्या बाबांनी आंघोळीच्या टबात अर्धं पोतं ज्वारी ओतली आणि तिला आत बसवलं.

"तू लहानपणी खळ्यातल्या राशीतून उठत नव्हती. तुले बरं वाटे, तिले काऊन नाही वाटणार?"

खळं आठवलं. मांड्यांवरचा तो गार भार आठवला. मलाही तेव्हा कशाचा त्रास होत होता का? कुणी विचारलंच नाही, बाबांनी मात्र बसू दिलं.

रेणू मुठीमुठीनं पायांवर ज्वारी ओतत राहिली. हळूहळू शांत झाली. मग तिनं माझा पदर ओढला. मीही टबात पाय सोडले, आणि बाबांनी वरून ज्वारी ओतली.